पाण्यातून बाहेर काढलं, पुढं काय?

सिनेमातला बुडणारा माणूस मोठा बोलका असतो. तो हात वर करतो, ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडतो, दोनदा खाली जाऊन तिसऱ्यांदा वर येतो आणि तेवढ्यात नायक पाण्यात उडी टाकतो. खरा बुडणारा माणूस यातलं काही एक करीत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो. ओरडायला श्वास उरतो कुठे? हात वर जात नाहीत, बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. मान मागं, तोंड उघडं, नजर शून्यात. दहा हातांवर होडीत बसलेल्या माणसाला वाटतं, बरा पोहतोय की! आणि मिनिटभरात तो दिसेनासा होतो.

दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना आले की आपल्याकडची कुटुंबं कोकणाकडं निघतात. मांडव्याची लाँच, घारापुरीची फेरी, मालवणला किल्ल्याकडं जाणारी होडी, कुठं तरी शिडाच्या छोट्या नावेतली हौसेची चक्कर. नावेत बसताना डबा, पाण्याची बाटली, उलटीची गोळी, मुलांच्या टोप्या हे सगळं आपण आठवणीनं घेतो. नाव कलंडली तर काय, हा विचार मात्र अभद्र म्हणून बाजूला सारतो. अभद्र खरा, पण निरुपयोगी नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंवर माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांत ती आठवण आजही आहे. आणि अगदी अलीकडं, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीबोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, १५ जणांचे प्राण गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यात विहिरी, तळी, नद्या, घरातले हौद सगळं आलं.

बुडणाऱ्याला पाण्यातून काढायचं कसं, यावर पुष्कळ लिहिलं जातं. काढल्यावर काय करायचं, याबद्दल मात्र आपल्याकडं भलत्याच समजुती आहेत, आणि वाचू शकणारी माणसं त्या समजुतींपायी जातात. म्हणून आज त्याच्याबद्दल.

आधी शिडाच्या नावांच्या एका शर्यतीची गोष्ट सांगते, कारण बुडालेल्या माणसाच्या उपचारांबद्दल डॉक्टर मंडळी तिच्यातून बरंच शिकली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघायचं, आयर्लंडजवळच्या फास्टनेट नावाच्या खडकाला वळसा घालून परत यायचं, अशी ती शर्यत. ११ ऑगस्ट १९७९ ला ३०३ नावा निघाल्या. १३ तारखेच्या रात्री वादळानं त्यांना गाठलं. नावा उलट्यापालट्या झाल्या, डोलकाठ्या मोडल्या, माणसं फेकली गेली. १५ खलाशी मृत्युमुखी पडले. २४ नावा त्यांच्यावरच्या माणसांनी सोडून दिल्या. आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, त्यांतल्या बुडाल्या फक्त ५! बाकीच्या तशाच हेलकावत राहिल्या, आणि त्या सोडून रबरी तराफ्यांत उतरलेल्यांपैकी काही मात्र गेले. तेव्हापासून दर्यावर्दी लोक एकच सांगत आले आहेत: नाव पायाखालून खरोखर जात नाही तोवर नाव सोडू नका. उलटली असली, तरी तिला धरून राहा. आपल्याकडच्या होडीलाही हे लागू आहे. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेले दमून बुडतात; उलट्या होडीला धरून बसलेले मचवेवाल्यांना सापडतात.

त्या शर्यतीत आणखी एक विचित्र गोष्ट घडली. काही जण मदतीला आलेल्या जहाजापर्यंत जिवंत पोचले, शुद्धीवर होते, आणि जहाजाच्या बाजूनं सोडलेली दोराची शिडी किंवा जाळं चढता चढता गेले. सुटका हाताशी आली, आणि प्राण गेला. असं का व्हावं? ब्रिटिश नौदलातले डॉक्टर फ्रँक गोल्डन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा घटनांचा पुढं अभ्यास केला. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात असतो तेव्हा पाण्याचा दाब त्याच्या पायांतलं रक्त वर हृदयाकडं ढकलत असतो. गारठलेल्या, थकलेल्या माणसाला एकदम सरळ उभा वर ओढला, की तो दाब नाहीसा होतो, रक्त पायांत उतरतं, रक्तदाब कोसळतो आणि आधीच थंड पडलेलं हृदय दगा देतं. म्हणून हेलिकॉप्टरवाले आता शक्य तिथं दोन पट्ट्यांनी, एक काखेत आणि एक गुडघ्यांखाली, असं माणसाला आडवं उचलतात. होडीवर ओढून घेतानाही बराच वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाला शक्यतो आडवं घ्यावं, आणि घेतल्यावर आडवंच ठेवावं. ‘बसता करा, जरा मोकळं वाटेल’ म्हणून लगेच उठवून बसवू नये. चालत तर मुळीच नेऊ नये.

याच शर्यतीतली ‘ग्रिमाल्किन’ नावाची ३० फुटी नाव. तिच्यावर ६ जण होते. नाव उलटली, मालक समुद्रात गेला. दोघं निश्चेष्ट पडलेले होते. ते गेले असं समजून उरलेले तिघं तराफ्यात उतरले. त्यांना दोष देऊ नये, त्या काळोखात आणि लाटांत कुणी काय नाडी बघणार? पण ते दोघं गेलेले नव्हते. निक वॉर्ड या तरुणाला शुद्ध आली तेव्हा तो स्वतःच्या सुरक्षापट्ट्यानं नावेच्या बाजूला लोंबकळत होता. कसाबसा वर चढून त्यानं पाहिलं, तर त्याचा सोबती गेरी विंक्स पाण्यात अडकलेला. निकनं त्याला ओढून घेतलं, तोंडाला तोंड लावून श्वास दिला, छाती दाबली. गेरी शुद्धीवर आला! बायकोला काय सांगायचं तेवढं त्यानं सांगितलं, आणि थोड्या वेळानं तो गेला. निक त्या मोडक्या नावेवर त्याच्या शेजारी एकटा राहिला; संध्याकाळी हेलिकॉप्टरनं त्याला उचललं. पुढं २००७ साली त्यानं या अनुभवावर पुस्तक लिहिलं.

पट्ट्याचा उल्लेख आला म्हणून सांगते. शिडाच्या नावेवर पाण्यात पडण्याची कारणं ठरलेली असतात. वारा फिरला की शिडाखालचा आडवा दांडा सपकन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो आणि डोक्यात बसतो. माणूस बेशुद्धच पाण्यात पडतो. नाहीतर ओल्या फळीवरून पाय घसरतो, पाय दोरात अडकतो, नाव उलटली तर शिडाखाली किंवा दोरांच्या गुंत्यात माणूस सापडतो. म्हणून दूरचे दर्यावर्दी अंगातला पट्टा नावेला अडकवून वावरतात. फास्टनेटच्या चौकशीत काही पट्टे ऐन वेळी निकामी ठरल्याचं आढळलं आणि नंतर ते अधिक मजबूत करण्यात आले. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नावेतून आपल्या नौदलाच्या ६ महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये जगाला प्रदक्षिणा घातली, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ती घातली. आपण तासाभराच्या फेरीत नाकं मुरडून जे जॅकेट बाजूला ठेवतो, त्याच्याशिवाय असल्या मोहिमांत पाऊल टाकता येत नाही.

त्या जॅकेटला वास येतो, ते ओलं असतं, साडी चुरगळते, फोटो चांगला येत नाही, हे सगळं कबूल. तरी घालावं. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं २०२२ सालच्या नौकाविहाराच्या अपघातांचा हिशेब मांडला, तेव्हा मेलेल्यांपैकी ७५ टक्के बुडून मेले होते, आणि जॅकेटची नोंद असलेल्या बुडालेल्यांपैकी ८५ टक्क्यांनी ते घातलेलंच नव्हतं. बसायला उशी म्हणून घेतलेलं जॅकेट ऐन वेळी काही कामाचं नाही. पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं. पदर आणि ओढणी आधी नीट खोचून घ्यावी आणि वरून जॅकेट घालून बंद आवळावेत. लहान मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट घातलं तर ते पाण्यात गळ्यावरून निसटतं. खांद्याला धरून वर उचलून पाहावं. मूल जॅकेटातून खाली सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. मापाचं नसेल तर ती फेरी सोडावी. भाड्याचे पैसे बुडाले तर बुडू द्यावेत.

आता बुडताना शरीरात काय होतं ते. घशाशी पाणी आलं की स्वरयंत्राचं दार आपोआप आवळून मिटतं. पाणी आत जात नाही, पण हवाही जात नाही. रक्तातला प्राणवायू झपाट्यानं कमी होतो. काही वेळानं शुद्ध हरपते, दार सैल पडतं आणि पाणी आत शिरतं. बऱ्याच जणींना वाटतं की फुफ्फुसं घागरीसारखी भरतात. तसं नाही. वाचलेल्यांच्या फुफ्फुसात गेलेलं पाणी बहुधा आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असतं. पोटात मात्र बरंच गेलेलं असतं. पण तेवढं थोडं पाणीही नासधूस करतं. फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक तलम लेप असतो, त्यामुळं ते मिटून चिकटत नाहीत. पाण्यानं तो धुतला जातो, फुगे मिटतात, आणि आत आलेली हवा रक्तापर्यंत पोचत नाही. तोंडाशी पांढरा, कधी गुलाबीसर फेस येतो तो यातूनच. गोडं पाणी बरं की खारं, यावर पूर्वी डॉक्टरांत मोठा खल चाले. उपचारांच्या दृष्टीनं फरक फारसा नाही, हे आता मान्य झालं आहे.

थोडक्यात काय, तर बुडालेल्या माणसाला पाण्यापेक्षा प्राणवायूची उणीव मारते. हृदय शेवटी थांबतं, आणि तेही प्राणवायू संपला म्हणून. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं आपोआप समजतं.

आणि आपल्याकडं काय करतात? पालथं घालून पाठीवर दाबतात. पोट दाबून पाणी काढतात. मुलाला पाय धरून उलटं टांगतात, खांद्यावर टाकून किनाऱ्यावर पळतात, गरागरा फिरवतात. तोंडातून भळाभळा पाणी आलं की जमलेल्या मंडळींना हायसं वाटतं. ते पाणी पोटातलं असतं! त्याच्याबरोबर दुपारचं जेवणही वर येतं आणि श्वासनळीत जातं. फुफ्फुसातलं पाणी असं दाबून निघत नाही, निघण्याची गरजही नसते. त्यातलं बरंचसं शरीर शोषून घेतं. ही मिनिटं श्वास देण्याची असतात, आणि ती पाणी काढण्यात जातात. मोबाइलवर आणखी एक खूळ फिरतं: बुडून मेलेल्याला मिठाच्या ढिगात झाकून ठेवलं की तो काही तासांत उठतो म्हणे. त्यावर विश्वास ठेवून आईबापांनी मुलाला तासन् तास मिठात ठेवल्याच्या बातम्या आपल्याच देशातून आल्या आहेत. त्या आईबापांची दया येते, पण असला मजकूर पुढं पाठवणाऱ्या सुशिक्षितांचं काय करावं?

अर्थात यात आपणच मागासलेले असं समजायचं कारण नाही. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी ॲमस्टरडॅममध्ये १७६७ साली एक संस्था निघाली, लंडनमध्ये १७७४ साली. मोठी लोकोपयोगी मंडळी. पण त्यांचे त्या काळचे उपाय ऐकाल तर हसावं की रडावं कळायचं नाही. माणसाला पिंपावर लोळवायचं, आणि नळीनं तंबाखूचा धूर सोडायचा, तोही तोंडातून नव्हे, गुदद्वारातून! यासाठीची भाते-नळ्यांची पेटी थेम्स नदीच्या काठी ठेवलेली असे. तोंडानं श्वास देण्याची पद्धत खऱ्या अर्थानं शास्त्रीय कसोटीवर उतरली ती १९५०च्या दशकात, पीटर सफार आणि जेम्स एलम या डॉक्टरांच्या प्रयोगांनी. छातीवर दाब देण्याची जोड तिला १९६० साली मिळाली.

ही पद्धत शिकवायला जी रबरी बाहुली वापरतात, तिची हकीकत मोठी चटका लावणारी आहे. नॉर्वेच्या स्टाव्हांगर गावी आस्मुंड लेर्डाल नावाचे खेळणी बनवणारे गृहस्थ होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा एकदा बुडून निश्चेष्ट झाला होता, बापानं वेळीच पाण्यातून काढून त्याचा श्वास मोकळा केला आणि मूल वाचलं. पुढं डॉक्टरांनी सरावासाठी माणसाएवढी बाहुली करून मागितली, तेव्हा लेर्डालनी ती मन लावून केली, आणि तिला चेहरा दिला तो एका अनोळखी मुलीचा. पॅरिसमध्ये सीन नदीत सापडलेल्या त्या मुलीचा मुखवटा शवागारात घेतला गेला होता, अशी आख्यायिका आहे. तिचं नाव कुणाला कधीच कळलं नाही. १९६० पासून जगभर लाखो माणसं तिच्या तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला शिकली.

आता प्रत्यक्ष कृती. एकीनं मदतीला हाका मारायच्या, १०८ ला फोन लावायला सांगायचं (समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४), आणि दुसरीनं कामाला लागायचं. एकटीच असाल तर आधी श्वास, मग फोन. माणसाला कठीण जागेवर उताणं निजवा. कपाळावर एक हात ठेवून हनुवटी वर उचला, म्हणजे जीभ मागं पडून अडलेली वाट मोकळी होते. दहा सेकंद, त्याहून जास्त नाही, छाती हलते का पाहा. मधूनच येणारा एखादा उसासा म्हणजे श्वास नव्हे. मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तसला तो प्रकार असतो. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरा, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट बसवा आणि सेकंदभर हवा सोडा. छाती वर आलेली दिसली पाहिजे. असे सुरुवातीला पाच श्वास द्या. (हा युरोपातला नियम, अमेरिकेत दोन सांगतात. पण आधी श्वास, हे दोन्हीकडं सारखं.) तान्ह्या बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं, आणि फक्त गालातली हवा सोडायची.

त्यावरही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, वर दुसरा हात, कोपरं ताठ. जास्त कणीक मळायची असली की आपण जसा खांद्यातून भार टाकतो, तसा टाकायचा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मुलाची साधारण एक तृतीयांश. मिनिटाला १०० ते १२० दाब. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची. तीस दाब, दोन श्वास. तीस दाब, दोन श्वास. दमलात तर दुसरीला हाक मारा, पण खंड नको. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. बरगडी जुळते.

इथं एक घोटाळा होतो तो सांगायला हवा. हल्ली शिबिरांतून ‘नुसती छाती दाबा, तोंडानं श्वास देण्याची गरज नाही’ असं शिकवतात. हृदयविकारानं रस्त्यात कोसळलेल्या माणसासाठी ते ठीक आहे, कारण त्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. फिरवायची तेवढी गरज. बुडालेल्याच्या रक्तात प्राणवायूच संपलेला. नुसतं दाबून काय फिरवणार? त्याला श्वास हवाच. आता परक्या पुरुषाला तोंडानं श्वास कसा द्यायचा, लोक काय म्हणतील, हा संकोच आपल्या मनात येतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बुडालेलं मूल आपलं असतं, दीर असतो, शेजारणीचा मुलगा असतो. तिथं संकोच कसला? शिकून तरी ठेवावं.

तोंडाशी फेस येत राहील. तो पुसत बसू नका, श्वास देत राहा. उलटी मात्र बहुधा होतेच. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरच्या दहा वर्षांच्या नोंदींत, छाती दाबून श्वास दिलेल्यांपैकी ८६ टक्के जणांना उलटी झाली होती. झाली की सगळं अंग एकदम कुशीवर वळवा, बोटाला पदर गुंडाळून दिसेल तेवढं काढा आणि पुन्हा उताणं करून चालू ठेवा. डोक्याला दांडा लागला असेल किंवा उथळ पाण्यात सूर मारलेला असेल, तर मान हिसकू नका. पण मानेच्या भीतीनं श्वास देणं लांबवूही नका. श्वास सुरू झाला आणि शुद्ध नसेल, तर कुशीवर निजवून जवळ बसा. परत थांबू शकतो.

हे सारं घरातल्या हौदात, बादलीत, विहिरीत पडलेल्या मुलालाही जसंच्या तसं लागू आहे.

ओले कपडे काढा, पुसून कोरडं करा, चादर, सतरंजी, जे असेल त्यात गुंडाळा; डोकंही झाका. आपला समुद्र उबदार, गारठायला काय होतंय, असं वाटतं. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं, आणि दोन-तीन तास पाण्यात राहिलेलं मूल आपल्याकडंही काकडून जातं. तळपायाला सुंठ चोळणं, हातपाय खसाखसा घासणं, गरम पाण्यानं न्हाऊ घालणं, ब्रँडी पाजणं, यांतलं काही नको. हातापायांतलं थंडगार रक्त एकदम हृदयाकडं गेलं तर घात होतो. पूर्ण शुद्ध असेल, धाप नसेल, तरच गोड चहा.

फार थंड पाण्याची बात मात्र वेगळी. ११ फेब्रुवारी २०११ ला डेन्मार्कमधल्या प्रेस्तो खाडीत एका निवासी शाळेची १३ मुलं आणि २ शिक्षक बसलेली वल्ह्यांची नाव उलटली. पाणी २ अंश सेल्सिअस! एक शिक्षक दगावले. सात जणांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचं हृदय थांबलेलं होतं, अंगाचं तापमान १५ ते २० अंशांवर उतरलेलं. एरवी ३७ असतं, लक्षात घ्या. वाटेत छाती दाबणं चालूच ठेवून त्यांना रुग्णालयात नेलं, रक्त बाहेर काढून यंत्रातून प्राणवायू देत, तापवत परत शरीरात सोडलं. सातही जण वाचले. काहींना स्मरणाचे, एकाग्रतेचे त्रास राहिले, पण वाचले. गार पडलेल्या मेंदूला प्राणवायू फार कमी लागतो, म्हणून हे शक्य झालं. म्हणूनच डॉक्टर म्हणतात, गारठलेल्या माणसाचं शरीर पुन्हा उबदार होईपर्यंत त्याला मेला म्हणू नये. आपल्या पाण्याकडून मात्र अशी सवलत मिळत नाही. आपल्याकडं पाण्याखालची पहिली पाच-दहा मिनिटं निर्णायक असतात. पंचवीस मिनिटांपुढं आशा फार थोडी.

माणूस शुद्धीवर आला, बोलायला लागला, की घरच्यांना घरी जायची घाई होते. तिथंच चुकतं. श्वास द्यावा लागलेल्या, बेशुद्ध पडलेल्या, खोकला न थांबणाऱ्या प्रत्येकाला रुग्णालयात न्यायलाच हवं, मग तो कितीही ‘मी बरा आहे’ म्हणो. धुतला गेलेला तो लेप लगेच भरून येत नाही. फुफ्फुसाला सूज येऊन काही तासांत धाप वाढू शकते. तिथं बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात, मास्कनं प्राणवायू देतात. तेवढ्यानं भागलं नाही तर घट्ट मास्कमधून दाबानं हवा देतात, म्हणजे मिटलेले फुगे उघडतात. फारच झालं तर नळी घालून कृत्रिम श्वासोच्छ्वास. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी डॉक्टर सोडत नाहीत, ते योग्यच करतात. तब्येत बरी दिसणाऱ्यालाही साधारण ४ ते ८ तास नजरेखाली ठेवायची रीत आहे. ‘अँटिबायोटिक का देत नाही?’ म्हणून त्यांच्या मागं लागू नका. जंतुसंसर्गाची लक्षणं नसताना ती देऊन फायदा होत नाही, असंच अनुभवाला आलेलं आहे. पाणी गटारासारखं घाण असेल तर गोष्ट निराळी; तसं असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. आणखी तीन गोष्टी सांगा: पाण्याखाली अंदाजे किती वेळ होता, श्वास कुणी किती वेळात सुरू केला, आणि फिट, दारू, हृदयविकार असं मागं काही आहे का. एखादा चांगला पोहणारा अचानक बुडतो, तेव्हा कारण कधी कधी पाण्यात नसून त्याच्या हृदयात किंवा मेंदूत असतं.

घरी सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं. खोकला वाढला, बोलताना दम लागू लागला, ताप आला, माणूस सुस्त किंवा गोंधळलेला वाटला, की वाट न पाहता परत न्यायचं. समाजमाध्यमांवर ‘कोरडं बुडणं’, ‘आठवड्यानंतरचं बुडणं’ असले भयंकर शब्द फिरतात. वैद्यकानं ते केव्हाच टाकून दिलेले आहेत. पाण्यातून आल्यावर दिवसभर ठणठणीत असलेलं मूल आठवड्यानं अचानक बुडून मरत नाही, म्हणून पोहायच्या तासाला नाकात पाणी गेलं एवढ्यावरून रात्र रात्र जागायचं कारण नाही.

मूल काही दिवस अंघोळीच्या तांब्यालाही घाबरेल, रात्री दचकून उठेल. रागावू नये, पाण्याला लगेच नेऊनही घालू नये. श्वास पूर्ण बरा झाला, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, की मग पोहायचा वर्ग. आणि त्या वर्गात नुसतं हातपाय मारणं नव्हे, तर उताणं पडून कान पाण्यात ठेवून स्वस्थ तरंगत राहणं आधी शिकवतात का, तेवढं विचारून घ्या.